साडेपाच तासिकांचा आठवडा

पत्राचा गोषवारा

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका माध्यमिक शाळेत सहा वर्षं गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. दहावीची एक तुकडी आणि नववीच्या दोन त्यांच्याकडे आहेत. दहावीच्या वर्गात ६२ मुलं. गणिताच्या आठवड्याला ७ तासिका, ४ बीजगणिताच्या आणि ३ भूमितीच्या. दर रविवारी जेवणं आटोपली की त्या पाठ्यपुस्तक आणि टाचण वही घेऊन बसतात आणि पुढच्या आठवड्याच्या सगळ्या तासिका सरावसंचांसकट लिहून काढतात. उठेपर्यंत दिवेलागण झालेली असते. पाच वर्षांची मुलगी तोवर दोनदा रडून झोपलेली असते. "आणि मंगळवारीच सगळं कोलमडतं," असं त्या लिहितात. कधी तासच होत नाही, कधी मुलांना मागचंच येत नाही. गेल्या सहा आठवड्यांत ४२ पैकी ३३ तासिका झाल्या, हे त्यांनी मोजून कळवलंय. वर्गसमीकरणांवर तिसरा आठवडा सुरू आहे. शाळेतले ज्येष्ठ गणित शिक्षक म्हणतात, पोर्शन संपवा, पाया नंतर बघू. मुख्याध्यापकांना सोमवारी सहीसाठी वही लागते, त्यामुळे वहीत एक आणि वर्गात दुसरंच, असं चाललंय आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं. त्या विचारतात: आठवडाभर टिकेल असं नियोजन करायचं कसं? की माझ्यातच शिस्त कमी आहे?

उत्तर

मॅडम, ३३ हा आकडा तुम्ही स्वतः मोजलात, तिथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शिस्त नसलेलं माणूस झालेल्या तासिका मोजत बसत नाही. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू आणि त्या आकड्याकडेच नीट पाहू. ३३ भागिले ६, म्हणजे साडेपाच. तुमच्या हातात आठवड्याला साडेपाच तासिका येतात आणि रविवारी तुम्ही सात लिहिता. अंथरूण साडेपाच हातांचं असताना पाय सात हात पसरले तर ते उघडे पडणारच.

वेळापत्रकात सात आहेत म्हणून सात लिहायच्या, हे आपल्यापैकी कुणी तपासूनच पाहत नाही. ३१ वर्षांच्या नोकरीतली पहिली तीन-चार वर्षं मीही पाहिलं नव्हतं. आणि सोलापुरात सातच्या साडेपाच कशा होतात, हे काही गूढ नाही. आषाढीच्या आधी शेगावची पालखी शहरात आली की वर्ग भरूनही भरल्यासारखा नसतो. नळाला पाणी सुटायच्या दिवशी निम्म्या मुली पहिल्या तासाला धापा टाकत दारात उभ्या राहतात, कारण मोठी माणसं कामावर गेलेली असतात आणि घागरी त्यांनाच भरायच्या असतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव. तुमच्या भागात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही हजेरीपट कसा दिसतो, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म, मतदार यादीचं काम, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा तास. यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याला आधीच ठाऊक असतात. पाणी कधी येणार हे घरी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करून ठेवणारे आपण, टाचण काढताना मात्र तो दिवस इतर दिवसांसारखाच धरतो.

म्हणून पहिलं काम हे करा: आठवड्याच्या पाच तासिका लिहा, बीजगणिताच्या ३ आणि भूमितीच्या २. पाचच. सहावी झाली तर तिचं काय करायचं, ते पुढे सांगते.

लगेच तुमच्या मनात येईल की मग पोर्शनचं काय. तुमच्या ज्येष्ठ सरांची काळजी खोटी नाही, आणि पत्रात त्यांच्याविषयी जो थोडा कडवटपणा आलाय तो कमी करायला मी तुम्हाला सांगेन. पूर्वी दहावीची परीक्षा मार्चात असायची. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. हे दहा-बारा दिवस सगळ्यात आधी ज्यांच्या पोटात गोळा आणतात, त्यांत गणिताची माणसं असतात. तेव्हा हिशोबच मांडू. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत २८ आठवडे. दिवाळीची सुटी, सहामाही आणि घटक चाचण्या वजा केल्या की शिकवायला २१ आठवडे उरले असं धरा. बीजगणिताची प्रकरणं ६, भूमितीची ७. म्हणजे बीजगणिताच्या एका प्रकरणाला सरासरी साडेतीन आठवडे, भूमितीच्या एकाला तीन. आठवड्याला तीन आणि दोन तासिका धरल्या तर बीजगणिताच्या प्रकरणाला सुमारे १०, भूमितीच्या प्रकरणाला ६. सगळी प्रकरणं काही सारखी नसतात. संभाव्यता आणि भौमितिक रचना आटोपशीर आहेत, तिथल्या वाचलेल्या तासिका वर्गसमीकरणं, वर्तुळ आणि समरूपतेकडे जातील. तुम्ही वर्गसमीकरणांवर तिसऱ्या आठवड्यात आहात, म्हणजे साधारण नवव्या तासिकेवर. तुम्ही मागे पडलेलाच नाही आहात! सात तासिकांच्या कागदावर मागे दिसता, इतकंच.

हा हिशोब एका कागदावर मांडून सरांना दाखवा. वाद घालायला नाही, त्यांना विचारायला, की कोणत्या प्रकरणाला तुम्ही किती तास देता. अनेक वर्षं दहावी शिकवलेल्या माणसाला हे आकडे तोंडपाठ असतात, फक्त ते त्याला कुणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पत्रात तुम्ही लिहिलंय, "पुस्तक आणि टाचण वही घेऊन बसते." मला वाटतं घोळ इथे आहे. पुस्तक उघडून नियोजन केलं की कागदावर पानांची नावं उमटतात: सोमवारी सरावसंच २.३, मंगळवारी २.४. मुलं त्या कागदावर कुठेच नसतात. मग मंगळवारी ती अचानक भेटल्यासारखी वाटतात आणि "मागचंच येत नाही" असं वाक्य तोंडून निघतं.

एक वही उघडून दाखवते. अशी वही मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि तुमच्या ६२ मध्येही दहा-वीस सापडतील.

गणित असं: क्ष(क्ष − ५) = ६ सोडवा.
मुलाने लिहिलंय: क्ष = ६ किंवा क्ष − ५ = ६. म्हणून क्ष = ६ किंवा क्ष = ११.

घाईत तपासताना आपण काय करतो? पहिलं उत्तर बरोबर, दुसरं चूक, अर्धा गुण, "पाया कच्चा" असा मनातल्या मनात शेरा, पुढची वही. पण थांबून पाहा. क्ष = ६ हे उत्तर बरोबर आलंय ते योगायोगाने, कारण ६ गुणिले १ म्हणजे ६. क्ष = ११ घेतलं तर ११ गुणिले ६ म्हणजे ६६. खरी उत्तरं ६ आणि −१, कारण क्ष² − ५क्ष − ६ = ० याचे अवयव (क्ष − ६)(क्ष + १) पडतात. या मुलाला गुणाकार येतो, समीकरण सोडवता येतं, दोन उत्तरं येतात हेही त्याला ठाऊक आहे. त्याचा पाया कच्चा नाही. त्याला एकच गोष्ट माहीत नाही: दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला तरच त्यातली एक शून्य असायलाच लागते, सहा आला तर एक सहा असायला लागत नाही. आधी उजवीकडे शून्य का आणायचं, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. त्याने ती पायरी रीत म्हणून पाहिली आणि एके दिवशी विसरला.

याला जादा तास लागत नाही. फळ्यावर एवढंच लिहायचं: "दोन संख्यांचा गुणाकार ६ आहे. त्यांपैकी एक ६ असायलाच हवी का?" कुणीतरी २ आणि ३ म्हणेल, कुणीतरी १२ आणि अर्धा म्हणेल. मग ६ पुसून तिथे ० लिहायचा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. वर्ग एकदम शांत होतो, ते मी दरवर्षी पाहिलंय. आठ मिनिटांचं काम आहे. पण ती आठ मिनिटं सोमवारच्या टाचणात येण्यासाठी शनिवारी तुमच्या हातात ती वही असायला हवी.

तुम्ही म्हणाल, ६२ वह्या कधी पाहू? वहीला दोन मिनिटं धरली तरी दोन तास जातात. नका पाहू. आठवड्यातून दोनदा, एकदा बीजगणिताच्या आणि एकदा भूमितीच्या तासाच्या शेवटी, पाच मिनिटं राखून चिठ्ठी घ्या. पाठकोऱ्या कागदाचा चौथा भाग, त्यावर नाव आणि एकच गणित. गुण द्यायचे नाहीत, लाल शाईही नको. स्टाफ रूममध्ये बसून तीन ढीग करायचे: जमलं, वाट बरोबर पण मध्ये अडलं, सुरुवातच नाही. एका चिठ्ठीला दहा सेकंद लागतात, ६२ चिठ्ठ्या दहा-अकरा मिनिटांत होतात. मधल्या ढिगातून एकसारखी चूक असलेल्या दोन-तीन चिठ्ठ्या बाजूला काढा आणि टाचण वहीत पिन लावून ठेवा. पुढच्या आठवड्याचं नियोजन त्या पिनेपासून सुरू होतं.

आणि ते रविवारी होत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर घाईने निघू नका, स्टाफ रूममध्ये तासभर बसा. पुस्तक शेवटी उघडायचं, आधी चिठ्ठ्या. मग कॅलेंडर: पाण्याचा दिवस, सण, चाचणी. मग पाच ओळी लिहायच्या, प्रत्येक तासिकेला एक ओळ, आणि ती ओळ मुलांच्या बाजूने लिहायची. "सरावसंच २.३ पूर्ण करणे" असं नको. "पूर्ण वर्ग करताना मधल्या पदाच्या सहगुणकाचा निम्मा भाग घेऊन त्याचा वर्ग का मिळवायचा, हे मुलाला चौरसाच्या आकृतीवरून सांगता येईल" असं लिहा. ओळ लांब झाली तरी चालेल. सरावसंचातली कोणती चार गणितं फळ्यावर, कोणती वर्गात जोडीने, कोणती घरी, एवढं त्याखाली. सगळी गणितं फळ्यावर सोडवून दाखवण्याचा आग्रह सोडा. पुस्तकातलं प्रत्येक गणित शिक्षकाच्या खडूने सुटलं पाहिजे, ही समजूत आपली सर्वांत जास्त वेळ खाते आणि मुलांना उतरवून घ्यायची सवय लावते.

प्रत्येक नव्या भागाच्या आधी मात्र एका गोष्टीवर वेळ घालवा: यासाठी मुलाला आधीचं नेमकं काय यायला हवं? पायथागोरसच्या आधी वर्गमूळ. त्रिकोणमितीच्या आधी गुणोत्तर. सूत्र पद्धतीच्या आधी ऋण संख्येचा वर्ग, कारण ब² − ४अक मध्ये ब ऋण असला की अर्धा वर्ग तिथे घसरतो. हे "मागचं" स्वतंत्र जादा तासाला घेण्यापेक्षा त्याच तासाच्या पहिल्या सात मिनिटांत घेतलेलं चांगलं. जून महिना पायाभूत उजळणीला देऊन टाकायचा आणि मग वर्षभर मागे वळून बघायचं नाही, ही पद्धत अनेक शाळांत आहे. मला ती कधीच पटली नाही. जूनमध्ये घेतलेले अपूर्णांक नोव्हेंबरच्या समीकरणाला उपयोगी पडत नाहीत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो आणि मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे त्यातून दिसलं. त्याला आता १४० वर्षं झाली, तरी आपण अजून प्रकरण संपलं की त्याला परीक्षेपर्यंत कुलूप लावतो.

यासाठी गृहपाठ बदला. रोज तीनच गणितं द्या: एक आजचं, एक मागच्या आठवड्यातलं, एक दीड-दोन महिन्यांपूर्वीचं. तुमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत आई विड्या वळते, मजुरी हजार विडीमागे मिळते आणि संध्याकाळी मुलींचा हात त्यातच असतो. पंधरा गणितांचा गृहपाठ तिथे होत नाही. तो सकाळी शाळेच्या पायरीवर कुणाच्या तरी वहीतून उतरतो. तीन गणितं होतात. पुढे नववीच्या दोन्ही तुकड्यांनाही हेच लावा, तुमचं लिहिण्याचं काम तेवढंच कमी होईल.

तिथलीच अजून एक गोष्ट सांगते. समरूप त्रिकोणांच्या बाजूंचं गुणोत्तर २ : ३ असेल तर क्षेत्रफळांचं ४ : ९ होतं, हे प्रमेय मी कित्येक वर्षं फळ्यावर सिद्ध करत होते आणि चाचणीत मुलं २ : ३ च लिहीत होती. एकदा मी सहज विचारलं, टॉवेलची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, वीण तीच ठेवली, तर सूत किती लागेल? मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी मान वर करत नसे, ताडकन म्हणाली, चौपट. तिचे वडील यंत्रमागावर होते. ती पुढे म्हणाली, "बाई, दुप्पट म्हटलं तर मालक सूतच कमी देईल." त्या दिवशी प्रमेयाची सिद्धता पंधरा मिनिटांत झाली आणि वर्गाने ती ऐकली. प्रत्येक धड्याला असं उदाहरण सापडत नाही, ओढूनताणून आणूही नये. पण आठवड्याच्या नियोजनात एका तासिकेपुढे तरी "हे मुलांनी कुठे पाहिलंय?" असा प्रश्न लिहून ठेवा आणि उत्तर सुचलं नाही तर कोरं राहू द्या.

आता ती सहावी तासिका. तिच्यापुढे काहीही लिहू नका. वहीत "राखीव" एवढाच शब्द.

हे मी शिकले ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. नोकरीचं चौथं वर्ष होतं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच माझा पोर्शन संपला होता, टाचण वही देखणी होती, वरिष्ठांनी ती इतर शिक्षकांना दाखवली होती. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा सुरू झाली. अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात १९ मुलं होती. नवीन काही घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी म्हटलं, ज्याला जे अडलंय ते घेऊन या. एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. तिने पहिल्या प्रकरणातलं पान उघडलं होतं, जूनमधलं. दोन समीकरणांची वजाबाकी करताना खालच्या समीकरणाची सगळी चिन्हं का बदलायची, हे तिला कळलं नव्हतं. जूनमध्ये ती गावी होती. सहा महिने ती मुलगी रोज वर्गात माझ्यासमोर बसली होती, प्रत्येक फळा तिने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता, आणि माझ्या देखण्या वहीत तिला हा प्रश्न विचारायला एकही जागा नव्हती. त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवू शकले नाही.

तेव्हापासून दर आठवड्याला एक तासिका मी मोकळी ठेवत गेले. ती बुडाली तर काही बिघडत नाही, कारण तिच्यावर काही लादलेलं नसतं. झाली तर मधल्या ढिगातली मुलं पुढे येऊन बसतात, पहिल्या ढिगातल्यांना संकीर्ण प्रश्नसंग्रहातली अवघड गणितं जोडीने सोडवायला द्यायची आणि तिसऱ्या ढिगातल्या पाच-सहा जणांपाशी तुम्ही स्वतः खुर्ची ओढून बसायचं. ६२ च्या वर्गात "प्रत्येकाकडे लक्ष द्या" हे वाक्य मला नेहमी निर्दय वाटत आलंय, शिक्षकासाठीही आणि मुलांसाठीही. पाच जणांकडे एक तास लक्ष देता येतं. पुढच्या आठवड्यात दुसरे पाच.

राहिली तुटकी तासिका, म्हणजे कधी वीस मिनिटांची मिळणारी किंवा ऐन वेळी दुसऱ्याच्या वर्गावर जावं लागणारी. तिच्यासाठी चार-पाच गोष्टी कायम तयार ठेवा. माझी आवडती देवळालीच्या द. रा. कापरेकरांची. ते तुमच्या-माझ्यासारखेच शाळेत शिकवणारे, आणि त्यांचं नाव जगभरच्या गणितींना माहीत आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक मूल तिथे येऊन पोचतं. वजाबाकीचा एवढा सराव आठवीची मुलं एरवी हौसेने करत नाहीत.

भाषेबद्दल पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिलीय, "शाब्दिक उदाहरणं मुलं सोडूनच देतात." तुमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं बरीच असणार, काही कन्नड, काही उर्दू. "दोन अंकी संख्येतील अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे" हे वाक्य मराठी घरातल्या मुलालाही दोनदा वाचावं लागतं. पंधरा दिवसांतून एका तासिकेत शाब्दिक उदाहरणं फक्त वाचायची, सोडवायची नाहीत. मोठ्याने वाचायचं, काय दिलंय आणि काय विचारलंय ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, तेलुगूत सांगितलं तरी चालेल, आणि समीकरण मांडून थांबायचं. तासाला सहा उदाहरणं होतात. सोडवत बसलो तर दोन.

मुख्याध्यापकांच्या वहीबद्दल तुम्हाला जी टोचणी लागलीय, ती योग्यच आहे. एक लिहायचं आणि दुसरं करायचं, यात तुमचे कष्ट दुप्पट होतात आणि मनही खातं. दोन वह्या ठेवू नका. त्याच टाचण वहीत पानाच्या उजवीकडे दोन बोटं रुंद समास आखा आणि वर "प्रत्यक्षात" असं लिहा. जे ठरवल्याप्रमाणे झालं तिथे बरोबरची खूण, जे झालं नाही तिथे कारण तीन शब्दांत: "पाणी, २४ गैरहजर", "अवयव अडले, पुन्हा", "ऑफ तास". सोमवारी सही घेताना मागच्या आठवड्याचं पान स्वतःच उघडून दाखवा. पहिल्या खेपेला कदाचित विचारणा होईल. तेव्हा "राखीव" तासिकेत काय केलं ते सांगा आणि पिन लावलेल्या चिठ्ठ्या दाखवा. माझा अनुभव असा की कोऱ्या सबबी ऐकून कंटाळलेल्या मुख्याध्यापकांना असा कागद आवडतो. न आवडणारेही भेटतात, हे नाकारत नाही. तसं झालं तर सात ओळींचा आग्रह मान्य करा, पण सहाव्या ओळीत "उपचारात्मक अध्यापन" आणि सातव्या ओळीत "सराव व शंकानिरसन" लिहा. दोन्ही खरंच असेल, खोटं काही लिहावं लागणार नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर शिक्षकांपैकी काहींना आठवड्याला पाचच तासिका मिळत असतील, काही जण तासिका तत्त्वावर दोन शाळांत धावत असतील. आकडे तुमचे तुम्ही घाला. आधी मागचे सहा आठवडे मोजा, जो आकडा येईल त्याहून अर्धी-एक तासिका कमी धरा आणि तेवढंच लिहा. विज्ञान शिकवणाऱ्यांनाही चिठ्ठी आणि राखीव तासिका तशीच्या तशी चालेल. जिथे गणिताचा एकच शिक्षक आहे, तिथे शनिवारी सोबतीला शेजारच्या शाळेतल्या कुणाला तरी फोन लावा. एकट्याने चिठ्ठ्या पाहताना स्वतःच्या शिकवण्यातली फट दिसत नाही, दुसऱ्याला ती पटकन दिसते.

मॅडम, तुम्ही लगेच सगळं बदलायला जाऊ नका. या शनिवारी फक्त दहावीचा विचार करा. नववीच्या वह्या सध्या चालल्यात तशाच चालू द्या, दिवाळीनंतर पाहू. मंगळवारी बीजगणिताच्या तासाला चिठ्ठीवर क्ष(क्ष − ५) = ६ हेच गणित द्या, मधल्या ढिगात किती जण निघतात ते मला जरूर कळवा. ज्या आठवड्यात नारळी पौर्णिमा येते त्यात पाचही धरू नका, चारच तासिका लिहा. रथोत्सवाच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन काही सुरू करू नका, कापरेकर घ्या किंवा वाचनाचा तास घ्या. क्षेत्रफळांचं प्रमेय त्यापुढच्या सोमवारी, वर्ग भरलेला असताना. आणि हा रविवार मुलीला द्या.